लाल रेघेच्या वरचं पाणी

लातुरात नळ रोज येत नाही, हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी येतं, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा, आणि आलं की दीड-दोन तास टिकतं. त्याला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, पाहुण्याला या म्हणत नाही, आणि घरात एक माणूस तरी तोटीजवळ राहील अशी व्यवस्था करतो. आमच्या घरात ते खातं माझ्या सासऱ्यांकडे होतं. त्यांना मी मामा म्हणते. व्हॉल्व्ह सोडणाऱ्याची मोटारसायकल कोपऱ्यावर वळली की त्यांना आवाजावरून कळायचं. मग धोतराचा काचा मारून ते उठायचे. आधी प्यायचे हंडे-कळश्या, मग अंगणातला हौद, मग पिंप, टोप, बादल्या, आणि नळ चालूच असला तर कुकर, डबे, तांबे, शेवटी वाट्यासुद्धा. भरायचं ते काठोकाठ. एकदा मी हसून म्हटलं, "मामा, चमचे राहिले." ते म्हणाले, "हसू नको माय. रिकामं भांडं घरात ठुवू न्हाई, नळाच्या दिशी तर मुळीच न्हाई."

अशा गावात माझ्या नवऱ्याने समुद्र पाळला होता.

हॉलमध्ये चार फुटी काचेची टाकी, तिच्यात मापून मीठ घातलेलं पाणी, खडक आणि खडकांवर जिवंत प्रवाळ. बटणांसारखी हिरवी-जांभळी, एक मोठं छत्रीसारखं पसरलेलं, आणि त्या छत्रीत लोळणारे पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. हे सगळं हैदराबादहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने थर्माकोलच्या खोक्यात यायचं. "गावाला प्यायला पाणी नाही आणि आमच्या हॉलात अरबी समुद्र," असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. नवरा नुसता हसायचा. तो वीज खात्यात होता, नेमणूक भोकरला. सोमवारी जायचा आणि शनिवारी यायचा. आठवडाभर ते खारं लचांड माझ्या गळ्यात. तो फोनवर विचारायचा, "छत्री उघडली का?" आणि मी म्हणायचे, "तुमची छत्री उघडली, माझी पाठ मोडली."

तो असताना मी त्याला अहो-जाहोच करायचे. गेल्यावर मनातल्या मनात भांडताना अरे-तुरेवर आले, आणि आता तेच राहिलं आहे.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात तो गेला. भोकरच्या ऑफिसात छातीत कळ आली, नांदेडला नेईपर्यंत संपलं होतं. वय सत्तेचाळीस. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. त्या वेळी वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी होते. शिपाई दोनदा बोलवायला आला, तरी मी समीकरण पुरं केलं. का केलं, ते मला अजून सांगता येत नाही.

त्याच्या आधीच्या शनिवारी त्याने नांदेडहून कापलेल्या काचांचे तुकडे आणले होते, माझ्याच जुन्या साडीत गुंडाळून. साडी न विचारता नेली म्हणून मी दिवसभर बोलले नव्हते. त्या काचांची खालची टाकी व्हायची होती. मासे पाळणारे तिला संप म्हणतात. वरच्या टाकीतलं पाणी काठावरच्या भोकातून पाइपाने खाली उतरायचं, खालच्या टाकीत तीन कप्प्यांतून जाऊन गाळलं जायचं, फेसातून घाण निघायची आणि पंपाने स्वच्छ पाणी पुन्हा वर चढायचं. वरच्या टाकीला भोक त्याने विकत घेतानाच पाडून आणलं होतं, आणि इतकी वर्षं त्याला बूच लावून ठेवलं होतं. म्हणजे हे कधीचं त्याच्या मनात होतं. मला मात्र ते भोक म्हणजे काचवाल्याची चूकच वाटायची.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, घरात मी आणि मामा दोघंच उरलो, आणि मग माझं टाकीकडे लक्ष गेलं. पाणी पिवळट झालं होतं. खडकांवर हिरवी दाढी उगवली होती. छत्री मिटून मुठीएवढी झाली होती, आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मागे लटकवलेल्या लहानशा फिल्टरला आता ते पेलत नव्हतं. एका नातेवाइकाने सांगितलं, कुणाला तरी देऊन टाक, तुला कशाला आता हा ताप. बोलणं बरोबर होतं. पण मी मिटलेल्या छत्रीसमोर उभी राहिले आणि ठरवलं की या घरातलं त्याचं म्हणावं असं आणखी काही मरू द्यायचं नाही. बाकी कशावर माझा इलाज नव्हता, यावर होता.

त्याच्या ऑफिसच्या बॅगेत आलेख कागदावर काढलेलं चित्र सापडलं. मिलिमीटरमध्ये मापं, पाण्याच्या बाणांच्या खुणा, आणि खाली त्याच्या बारीक अक्षरात टीप: "वीज गेल्यावर वरून किती उतरेल? तेवढी जागा खाली रिकामी ठेवणे."

मी आयुष्यात खिळा ठोकला नव्हता. सिलिकॉनची बंदूक कशी धरतात, ते फोनवर व्हिडिओ बघून शिकले. ते सुकताना व्हिनेगरसारखा वास सुटतो. अॅसिटिक अॅसिड. वर्गात दहा वेळा शिकवलेली गोष्ट घरभर हिंडत होती, आणि मामा नाकाला पंचा लावून विचारत होते, "लोनचं घातलंस का माय?" पहिल्यांदा जोडली तेव्हा टाकी एका कोपऱ्यातून ठिबकली. मी रागाने ब्लेड घेऊन सगळं खरवडलं, बोटं कापून घेतली आणि पुन्हा जोडली. हार्डवेअरच्या दुकानात भोकात बसवायचं टँक निप्पल मागितलं, तर दुकानदार म्हणाला, "मॅडम, गच्चीवरच्या टाकीला का?" मी म्हटलं, "हॉलमधल्या." त्याने माझ्याकडे आणि माझ्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं आणि निप्पल काढून काउंटरवर ठेवलं. पाइपाचे तुकडे, एल्बो, सोल्युशन, पंप असं एकेक जमवत महिना गेला.

ज्या रविवारी बूच काढलं, त्या रविवारी मला धड जेवण गेलं नाही. पाणी गुडगुड करत खाली उतरलं, कप्प्यातून कप्प्यात गेलं, पंपाने वर चढलं. मग मी खरी परीक्षा घेतली. बटण बंद केलं. वरचं पाणी भोकाच्या पातळीपर्यंत उतरतच राहिलं आणि खालची टाकी भरत गेली. काठाखाली चार बोटं जागा राहिली आणि पाणी थांबलं. पंप चालू केला तशी खालची टाकी पुन्हा अर्ध्यावर आली. त्या अर्ध्यावर मी कपाटातली नेलपॉलिशची बाटली काढून काचेवर लाल रेघ ओढली. लावायला तर आता ती नव्हतीच. रेघेच्या वर पाणी असता कामा नये, आणि घालायचं ते फक्त फिल्टरचं, बेताचं. एवढं झाल्यावर मी फरशीवर बसून रडले. त्याच्या मरणानंतर पहिल्यांदा पोटभर.

मामा आले. म्हणाले, "चाललं का?"

"चाललं."

ते माझ्या शेजारी मांडी घालून बसले आणि कॅबिनेटच्या उघड्या दारातून वाहतं पाणी बघत राहिले. म्हणाले, "वढ्याकाठी बसल्यावानी वाटतं."

मग ते त्यांचं ठिकाणच झालं. सकाळचा चहा ते तिथे घ्यायचे, पेपर तिथे वाचायचे. हळूहळू पाणी निवळलं, हिरवी दाढी झडली, आणि एका सकाळी मामांनी मला स्वयंपाकघरातून हाक मारून नेलं. छत्री उघडली होती. पूर्ण, पहिल्यासारखी, आणि मासे तिच्यात लोळत होते. मामा काचेला बोट लावून म्हणाले, "पोरानं लई नादर, लाखात एक चीज ठुवली मागं." मी म्हटलं, हो. तेव्हा तरी मी त्यांना दोन मिनिटं समोर बसवून रेघेचं सांगायला हवं होतं. पाणी असं अर्धं का ठेवलंय, नळाचं पाणी का चालत नाही. रोज साठ पोरांना क्लोरीन शिकवणारी बाई मी. पण मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला काय सांगायचं, त्यांना काय कळणार आहे. खरं सांगायचं तर ते माझं एकटीचं राहावं, असंच मला वाटत होतं. माझी टाकी, माझं दुःख.

प्रात्यक्षिक परीक्षेचा दिवस होता. बाहेरचे परीक्षक आले होते, मला सुट्टी मिळणं शक्य नव्हतं. नळ अकराला आला. मी कॉलेजातून फोन केला, "मामा, भरून घ्या." ते म्हणाले, "तू फिकर करू नको."

तीनला घरी आले, तर हॉलमध्ये फरशीभर पाणी. मामा ओणवे होऊन स्वतःच्या धोतराने फरशी टिपत होते आणि पिळून बादलीत साठवत होते. सांडलेलं का होईना, पाणी होतं. मला बघून त्यांचा चेहरा अपराधी झाला, पण फार नाही, दूध उतू गेल्यावर होतो तेवढाच. म्हणाले, "लाईट गेल्ती. वरून पानी आलं आन् भायेर सांडलं. म्या टिपून राहिलो, आत्ता हुईल."

मी कॅबिनेट उघडलं. खालची टाकी काठोकाठ भरलेली. नळाचा पाइप अजून तिच्या बाजूला पडलेला.

"यात कुणी पाणी घातलं?"

"म्या. निम्मी रिकामी व्हती की. समदं भरून झालं, नळ चालूच व्हता. म्हनलं, पोराचं भांडं कामून रिकामं ठुवावं?"

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते. त्या आठवड्यात तर इतकी होती, की ग्लास तोंडाशी नेला तरी वास यायचा. आम्ही माणसं ते उकळून पितो. प्रवाळाला ते विष. वीज जाईपर्यंत दोन तास पंपाने ते पाणी वर चढवलं होतं. छत्रीवर पांढरी साय आली होती. मासे तळाशी आडवे होऊन कल्ले हलवत होते.

मला पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी ओरडले. असं ओरडले की शेजारीण दारात येऊन परत गेली. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? सारखं काय भरायचं असतं तुम्हाला? विचारल्याशिवाय या घरातल्या कशालाही हात लावायचा नाही, समजलं? त्याचं एवढंच राहिलं होतं, तेही तुम्ही मारलंत!"

मामा ओणवेच होते. हातातलं धोतर त्यांनी पिळलं नाही, त्याचं पाणी फरशीवरच गळत राहिलं. ते उठले आणि आपल्या खोलीत गेले.

मी तशीच स्कूटी काढून कॉलेजात गेले, प्रयोगशाळेतून हायपोचे खडे आणले. क्लोरीन मारायला तेच लागतात. विरघळवून टाकले. घरात होतं नव्हतं तेवढं समुद्राचं मीठ कालवलं आणि खारटपणा थोडा थोडा वर आणला. जे पुस्तकात होतं ते सगळं केलं, पण उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी छत्री देठापासून सुटली आणि पाण्यात गोळा होऊन फिरायला लागली. बटणं एकेक करून विरघळली. एक मासा तिसऱ्या दिवशी गेला. दुसरा त्याच्या जागेभोवती दोन दिवस घिरट्या घालत होता, मग तोही गेला. घरात कुजका, खारा वास भरला. मी पंप बंद केला आणि बादल्या भरभरून ते पाणी गटारीत ओतलं. ते झाडाला घालता येत नाही, धुण्याला चालत नाही. लातुरात इतकं पाणी गटारीत ओतणारी बाई गल्लीने पहिल्यांदाच बघितली असेल. मामा खिडकीतून बघत होते. मधे आले नाहीत.

त्या दिवसांत आम्ही एकमेकांशी बोललोच नाही, असं नाही. जेवण वाढू का, गोळी घेतली का, एवढं होतंच. मला वाटायचं, जरा दिवस जाऊ देत, मग बोलेन. चूक झाली म्हणेन. मी रागीट आहे हे त्यांना माहीत आहे, लग्नाला वीस वर्षं झाली, त्यांनी माझे राग पाहिलेत. मनातून मात्र मी अजून त्यांच्यावर धुमसत होते. माझा नवरा गेला हे मी धरून बसले होते. त्यांचा एकुलता एक मुलगा गेला, हे त्या दिवसांत माझ्या डोक्यातच आलं नाही. आता ते मला खरं वाटत नाही, पण तसंच होतं.

पुढचा नळ बाराव्या दिवशी आला. मी कॉलेजात होते. आमच्याच गल्लीत राहणाऱ्या एका शिक्षिकेला घरून फोन आला, "पाणी आलंय," तेव्हा मला कळलं. मामा आहेत म्हणून मी निवांत होते. त्या बाबतीत गेल्या पंधरा वर्षांत मला कधी काळजी करावी लागली नव्हती.

घरी पाच वाजता आले. अंगण कोरडं होतं. पाण्याच्या दिवशी आमचं अंगण कधी कोरडं नसतं. हौदाचं झाकण उचललं, तळ दिसत होता. आत गेले. ओट्यावर हंडे, कळश्या, टोप, कुकर, सगळं घासून पुसून रांगेत मांडलेलं होतं आणि सगळं रिकामं. तोटी फिरवली तर नुसती हवा आली.

मामा पाटावर बसले होते, तोटीच्या समोर.

"मामा, नळ आला नाही का?"

"आल्ता."

"मग?"

"दोन घंटे व्हता. चांगला मोठा व्हता." ते भांड्यांकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "तू न्हवतीस. कोनतं भरायचं, कोनतं न्हाई, मला काई समजंना. तोटी बंद करून ठुवली, वाया जाऊ न्हाई म्हनून."

दोन तास तो माणूस पाणी असलेल्या नळासमोर बसून राहिला होता. मला फोन करावा, असंही त्यांना वाटलं नाही. किंवा वाटलं असेल आणि केला नसेल, मी रागावेन म्हणून. मी त्यांच्या समोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, "मामा, माझं चुकलं. तुम्ही काहीच मारलं नाही. मी तुम्हाला सांगितलंच नव्हतं." ते मान हलवत म्हणाले, "असू दे, असू दे." लहान मुलाची समजूत घालावी तसं, पण माझ्याकडे न बघता. मी पुन्हा म्हटलं, तर पुन्हा तेच. मी हात धरला, तो त्यांनी सोडवला नाही, पण त्यात काही नव्हतं.

मी शेजारणीकडे गेले. तिने काही न विचारता दोन कळश्या दिल्या. मला वाटतं, तिने त्या दिवशीचं सगळं ऐकलं होतं. घरी येऊन मी ग्लास धुतला, पाणी भरलं आणि मामांच्या पुढे ठेवलं. दुपारपासून त्यांनी पाणी प्यायलं नव्हतं, ओठ सुकलेले दिसत होते. त्यांनी ग्लासाकडे बघितलं. हात पुढे केला आणि थांबवला.

मग वर बघून त्यांनी मला विचारलं, "घिऊ का, माय?"